उभ्या पायाचं माप

सोन्या रागाच्या भरात बोलून गेला आणि तिथेच फसला. "आई, तू त्या धबधब्यापर्यंत चालत जाऊन दाखव, मग मी तुझ्या इथे दुकानात एकटीने राहण्याबद्दल चकार शब्द काढणार नाही," असं तो म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की तुला ते जमणार नाही. पण आईने त्याला शब्दात पकडलं.

"धबधब्यापर्यंतच कशाला?" ती म्हणाली. "पुढचा झुलता पूल ओलांडते, पलीकडे पाय टेकवते आणि चालत माघारी येते. तुझा हात न धरता. जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर दुकानाची किल्ली तुझी, मला कुठे ठेवायचं ते तू ठरव. आहे कबूल?"

चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला, लिफ्ट तपासण्याच्या खात्यात साहेब म्हणवला जाणारा हा माणूस आईपुढे अजून सोन्याच होता, आणि आईशी घासाघीस करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"कबूल," तो म्हणाला, आणि वर जाऊन झोपला.

आई खाली कामाच्या टेबलाशी बसून राहिली. गल्लीत तिला सगळे बूटकाकू म्हणत. नवऱ्याच्या हाताखाली ती बूट शिवायला शिकली आणि तो गेल्यावर तिने एकटीने दुकान चालवलं. दुकान म्हणजे रस्त्याकडे काचेची खिडकी असलेली एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना जोडीजोडीने टांगलेले लाकडी साचे, एकेका गिऱ्हाइकाच्या पावलाच्या आकाराचे. नवखा माणूस आत आला की भिंतीवरचे ते सगळे पाय बघून जरा दचकायचाच. मागच्या बाजूला उभा जिना आणि जिन्यावर झोपायची खोली.

त्या जिन्यानेच घात केला होता. गेल्या हिवाळ्यात शेवटच्या पायरीवरून ती घसरली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दुपारी पडली ती संध्याकाळपर्यंत जमिनीवरच. फोन टेबलावर वाजत होता, वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. सोन्याचाच फोन होता आणि तिला तो कळत होता, पण हात पोचत नव्हता. शेवटी शेजारचा चष्मेवाला दिवा का लागला नाही म्हणून बघायला आला. हाड जुळलं, काठी सुटली, कामही सुरू झालं. सोन्याच्या मनातून मात्र तो वाजणारा फोन काही गेला नाही. महिनोन्महिने एकच पालुपद चाललं होतं: दुकान बंद कर, माझ्याकडे चल, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे.

"तुझ्या लिफ्टमध्ये काय राहायचंय मला?" ती म्हणायची, आणि मग भांडण जुंपायचं.

तिला लेकाचा राग येत नव्हता. भीती वाटत होती. सोन्याच्या घरी तिला वेगळी खोली मिळाली असती, पडदे मिळाले असते, सून प्रेमाने विचारपूस करत राहिली असती, आणि सकाळी उठून हाताने करायला काही नसतं. नुसती माणसाची माया खाऊन जगायचं, हे तिला आजारपणापेक्षा वाईट वाटत होतं.

धबधब्याच्या वाटेचं नाव मात्र सोन्याने उगीच घेतलं नव्हतं. ती वाट म्हणजे या दुकानाची परीक्षेची जागा. त्याच्या बाबांचा नियम होता: नव्या घडणीचा बूट केला की तो आधी आपण घालायचा, जंगलातून धबधब्यापर्यंत जायचं, पूल ओलांडायचा आणि परत यायचं. वाटेत चढ आहे, चिखल आहे, ओले दगड आहेत, फळ्या आहेत. एवढं सोसून जो बूट चावला नाही तोच विकायचा. दुसरा नियमही त्यांचाच. जुन्या मापावर नवा बूट करायचा नाही. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, त्याला पुन्हा कागदावर उभं करायचं. पाऊल बदलत असतं, माप शिळं होतं. आणि माप घ्यायचं ते उभ्या पायाचं, अंगाचा सगळा भार त्यावर असताना. बसल्या पायाचं माप म्हणजे थाप. बूटकाकू कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधी प्रत्येकाला बजावायची, "सरळ उभे राहा. समोर बघा. खाली बघू नका." माणूस खाली बघायला वाकला की भार सरकतो आणि रेघ चुकते.

पैज लागल्यावर तिने स्वतःसाठी नवे बूट शिवायला घेतले. जुने चालले असते, पण तिला लेकाला दाखवायचं होतं की हात अजून शाबूत आहेत. चामडं निवडलं, तळ दुहेरी घेतला, टाका बारीक घातला. साचे तिचेच होते, भिंतीच्या अगदी वरच्या ओळीत टांगलेले. लग्नानंतर नवऱ्याने तिला दुकानात उभं करून पहिल्यांदा माप घेतलं होतं आणि तिच्यासाठी ते साचे कोरले होते. मधे कधीतरी त्याने ते थोडे तासून, थोडं चामडं चिकटवून सुधारले, आणि मग तो गेला. तेव्हापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी गाडी वाटेच्या तोंडाशी थांबली. तिने पिशवीतून किल्ली काढली आणि सोन्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कशाला?"

"पैज म्हणजे पैज. तू ठेव. जिंकले की परत घेईन."

सोन्याने किल्ली खिशात घातली आणि खाली बघितलं. "नवे बूट?"

"मग काय, बूटकाकूने बाजारातले घालून यायचं?"

"नवे बूट घालून लांबचं चालू नये असं तूच सगळ्यांना सांगतेस."

"परीक्षेला नवेच असतात," ती म्हणाली आणि चालू लागली.

सुरुवात झकास झाली. वाट झाडांमधून हळूहळू वर चढत होती. मुळांनी जागोजागी आपोआप पायऱ्या केल्या होत्या आणि ओल्या पाचोळ्यावर तळ कुठेही घसरत नव्हता. तिने मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर शाबासकी दिली. डावा खुबा जरा कुरकुरत होता, पण ती कुरकुर ओळखीची होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी. बोलत राहते, आपण काम करत राहायचं.

मागून सोन्या येत होता. तो काही बोलत नव्हता, आणि हेच तिला खटकत होतं. लिफ्टच्या मोटारीचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारा हा मुलगा तिच्या पावलांचा आवाज ऐकत होता.

"मागून काय ऐकतोयस?" तिने वळून न बघता विचारलं.

"पक्षी."

"पक्षी वर असतात. माझ्या टाचांना पिसं फुटलेली नाहीत."

सोन्या हसला. समोरून एक जोडपं उतरत होतं. त्यातल्या बाईने तिच्याकडे बघून आपली काठी पुढे केली. "काकू, हवी का? आमचं झालं आता." "नको गं, तुझ्या घरी कुणीतरी म्हातारं असेल, त्याला दे," असं म्हणून ती तशीच पुढे गेली. सोन्याने त्या जोडप्याकडे बघून कसनुसं हसून माफी मागितली.

ओढ्याकाठचा चिखल ओलांडला आणि चढ उभा झाला, तेव्हा उजवा बूट चावला.

आधी करंगळीपाशी नुसतं टोचल्यासारखं झालं. नाडी घट्ट झाली असेल म्हणून ती थांबून पाय आपटून पुढे निघाली. मग चवड्याच्या बाहेरच्या कडेला आग व्हायला लागली. थोड्या वेळाने प्रत्येक पावलाला कुणीतरी करंगळीवर दार लावून घेत होतं. ती दातओठ खात चालत राहिली. गिऱ्हाइकाने हे वर्णन केलं असतं तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं की बूट अरुंद आहे, चवडा पसरलाय, माप चुकलंय. आणि मग तिला लख्ख कळलं की तिने माप घेतलंच नव्हतं. भिंतीवरून साचा काढला होता आणि त्यावर सरळ चामडं ताणलं होतं. वयाने पाऊल पसरतं, हे ती लोकांना उठताबसता ऐकवायची. खुबा बरा होईपर्यंत सगळा भार उजव्या पायाने वाहिला होता. तो तसाच राहील असं तिला वाटलं तरी कसं?

"आई, लंगडतेयस."

"नाही."

"उजवा पाय उचलून टाकतेयस. म्हणजे डाव्यावर नीट भार घेता येत नाहीये. खुबाच आहे." सोन्या तिच्या पुढे येऊन वाटेत उभा राहिला. "बस इथे. खरं सांग, दुखतोय ना?"

ती पेचात सापडली होती. पाय दुखतोय म्हटलं तर खुबा गेला, पैज संपली. बूट चावतोय म्हटलं तर त्याहून वाईट. मग सोन्या म्हणणार, तुला आता स्वतःचा बूटसुद्धा जमत नाही, दुकान कशासाठी हवंय? पाय की हात, दोन्हीपैकी एक काहीतरी तिला त्याच्या हवाली करावं लागणार होतं. तिने दोन्हीपैकी काहीच दिलं नाही.

"वाटेतून बाजूला हो," ती म्हणाली.

"आई, त्या दिवशी मी तुला फोन लावत होतो, आणि तू जमिनीवर पडून ऐकत होतीस." सोन्याचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "तो आवाज तू ऐकलास. मी इकडे समजत होतो, आई शेजारी गप्पा मारत बसली असेल. आणि मी जेवायला बसलो. मी पोटभर जेवलो त्या दिवशी, आई."

हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, त्याच्या गालावरून हात फिरवावा. पण हात धरायचा नाही असं ठरलं होतं, आणि गाल म्हटलं की हात आलाच.

"मला माहीत आहे, तू कशासाठी मागे लागलायस," ती हळूच म्हणाली. "पण आज मला जाऊ दे. बाजूला हो, सोन्या."

तो बाजूला झाला.

पुढचा चढ तिने कसा चढला, हे तिचं तिलाच ठाऊक. झाडांची खोडं धरायला मनाई नव्हती, म्हणून तिने एकेक खोड धरलं. सोन्याचा हात ती पडेल म्हणून मागे सारखा अर्धवट उचललेला होता. तिला तो न बघताही जाणवत होता. पाण्याचा आवाज आधी दूर कुठेतरी होता, मग झाडांच्या मागे आला, आणि एका वळणावर धबधबा एकदम समोरच उभा राहिला. उंच काळ्या कड्यावरून पाणी कोसळत होतं आणि तुषार थेट वाटेवर येत होते. खाली डोह, डोहाच्या पुढे खोल घळ, आणि घळीवर लोखंडी दोरांवर लोंबणारा लाकडी फळ्यांचा पूल.

ती डोहाकाठच्या दगडावर बसली आणि तिने उजव्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढताना तोंडून आवाज निघू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो निघालाच. करंगळीचं कातडं निघालं होतं आणि मोज्याला रक्त लागलं होतं. तिने पाय गार पाण्यात सोडला.

सोन्या बघत उभा होता. पायाकडे बघून झालं, बुटाकडे बघून झालं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला.

"आई... बूट चावला? तुझा बूट?"

"हो." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खुबा ठणठणीत आहे. बूट चुकलाय. मी चुकवलाय. आता म्हण काय म्हणायचं ते. म्हण, की हिचे हातही गेले."

तिला वाटलं होतं सोन्या लगेच किल्लीच्या खिशावर हात मारेल. त्यापेक्षा त्याचं गप्प राहणंच तिला जास्त लागलं. आपल्या आईच्या हातचा बूट कुणाला चावू शकतो, ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. शाळेत असताना त्याने त्यावरून मारामाऱ्या केल्या होत्या.

"मग परत फिरूया," शेवटी तो म्हणाला. "पैज मोडली असं नाही म्हणत मी. पुन्हा कधीतरी येऊ. जुने बूट घालून."

"पुन्हा कधीतरी तू मला आणणार नाहीस. सुनेला सांगशील आईचा पाय रक्तबंबाळ झाला होता, आणि ती मला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही." तिने पिशवीत हात घातला आणि रापी काढली, चामडं कापायची ती रुंद पात्याची सुरी. दुकानातून निघताना ती पिशवीत आपसूक पडलीच होती.

"काय करतेयस?"

"जे आधी करायला हवं होतं ते."

तिने बूट मांडीवर घेतला. बाहेरची बाजू, करंगळीच्या वरची. तिथला टाका तिने दोन संध्याकाळी बसून घातला होता, इतका बारीक की चष्मेवाल्याने भिंग लावून बघितला होता आणि मान डोलावली होती. क्षणभर तिचं मन कच्चं झालं. मग तिने पातं टेकवलं आणि एका दमात चामडं उभं चिरलं. पुन्हा आडवं. एवढा देखणा बूट आणि त्याला खिडकीएवढं भोक. रुमालाची पट्टी करंगळीला गुंडाळली, पाय आत घातला, नाडी बांधली. करंगळी आणि चवड्याची कड बाहेर डोकावत होती.

ती उभी राहिली, पाय टेकवला, भार दिला. दुखलं, पण आता ते दुखणं साधं होतं. सोसण्याजोगं होतं.

"चल, पूल बघू तुझा," ती म्हणाली.

पुलाच्या तोंडाशी पाटी होती: एका वेळी एकाच व्यक्तीने जावे. सोन्याने पाटी वाचली आणि तो थेट दोराच्या मुळाशी गेला. जमिनीत पुरलेला लोखंडी खांब हलवून बघितला, दोराच्या तारा बोटाने चाचपल्या, नटांना खरवडून गंज बघितला.

"पास का नापास?" तिने विचारलं.

"दोर चांगला आहे," तो नाराजीने म्हणाला. बिघाड सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "पण झुलतो खूप. आणि मी मागे येऊ शकत नाही."

"मग इथे उभा राहून पक्षी ऐक."

तिने पहिल्या फळीवर पाय ठेवला. फळी खाली गेली आणि वर आली. दुसरीला पूल बाजूला सरकला. दोन्ही हात दोरांवर होते, दोर गार आणि ओले होते. डावा खुबा आता कुरकुरायचा थांबला होता आणि थरथरायला लागला होता. फळ्यांच्या फटीतून खाली पांढरं पाणी धावताना दिसत होतं आणि ते बघितलं की पूल उलट दिशेला पळतोय असं वाटत होतं. मध्यावर आल्यावर वाऱ्याने तुषारांचा एक लोट तिच्या अंगावर आणून टाकला, पूल हेलकावला आणि ती थांबली.

पाय उचलेना. मन म्हणत होतं उचल, पाय म्हणत होता कुठे ठेवू? मागून सोन्या ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. पाटी त्याला येऊ देत नव्हती, आणि तो आला असता तर तिला हात धरावाच लागला असता. आपण आता इथे भिजत उभे आहोत, रक्ताळलेल्या पायाने, आपल्याच हातच्या फाटक्या बुटात, आणि दुकानाची किल्ली मागे लेकाच्या खिशात आहे, हे सगळं तिला एकदम दिसलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांना काय सांगत आलीस? सरळ उभे राहा. समोर बघा. खाली बघू नका.

तिने मान वर केली. समोर पलीकडच्या काठावर एक झाड होतं, तिने त्याच्या बुंध्यावर डोळे रोवले. अंगाचा सगळा भार उजव्या पायावर घेतला, त्या पसरलेल्या, हट्टी, मोठ्या झालेल्या पायावर, आणि डावा पुढे टाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. झाड जवळ येत गेलं. पाय मातीला लागला तेव्हाही ती झाडाकडेच बघत होती, आणि बुंध्याला हात टेकल्यावरच थांबली.

सोन्या पूल जवळजवळ धावतच ओलांडून आला. लिफ्टवाल्या साहेबाला शोभणारी ती चाल नव्हती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, धापा टाकत, दोन्ही हात मागे बांधून, चुकून तिला धरू नये म्हणून.

"मला एक सांग," त्याला दम लागला होता. "तू जगाची मापं घेतेस. जुन्या मापावर बूट करणाऱ्या माणसाला तू दारात उभं करणार नाहीस. मग तुझ्याच पायाचं माप कसं चुकलं?"

"चुकलं नाही. घेतलंच नाही."

"का?"

उत्तर साधं होतं, पण ते उच्चारायला पुलापेक्षा जास्त धीर लागत होता.

"उभ्या पायाचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, सोन्या. वाकलं की भार सरकतो. दुसरं माणूस लागतं." ती झाडाकडे बघत म्हणाली. "तुझे बाबा घ्यायचे. ते गेल्यापासून कोण घेणार?"

"चष्मेवाल्याला सांगायचंस. मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, एकटीने होत नाही."

सोन्याने मान खाली घातली, कारण तो नेमकं तेच म्हणाला असता. मग त्याने वाटेच्या तोंडाशी घेतलेला नकाशाचा कागद काढला, उलटा केला आणि सपाट दगडावर पसरला. खिशातून तपासणीची पेन्सिल काढली.

"बूट काढ. दोन्ही. कागदावर उभी राहा."

"आता? इथे?"

"आई, काढ."

तिने बूट काढले. सोन्या गुडघ्यांवर बसला. लहान असताना तो कामाच्या टेबलाखाली बसून हे रोज बघत असे आणि मोठा झाल्यावर त्याने चामड्याच्या वासालाही नाक मुरडलं होतं. पण पेन्सिल त्याने बरोबर धरली, अगदी उभी, टाचेपासून सुरुवात करून.

"सरळ उभी राहा," तो म्हणाला. "समोर बघ. खाली बघू नकोस."

पेन्सिल तिच्या टाचेला लागली, पावलाच्या कडेने पुढे सरकली, करंगळीपाशी हलकेच वळली. इतक्या वर्षांत तिच्या पावलाला असा कुणाचा हात लागला नव्हता. नवऱ्याची तिला फार आठवण आली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, कारण तिला समोर बघायचं होतं आणि लेक खाली होता.

"उजवा केवढा पसरलाय गं," खालून सोन्याचा आवाज आला.

"सगळं ओझं त्यानेच उचललं ना," ती म्हणाली. आवाज बराचसा नेहमीसारखा आला.

चवड्याचा घेर मोजायला त्याने तिच्याच बुटाची नाडी वापरली आणि माप आलं तिथे गाठ मारली. कागदाची घडी करून छातीच्या खिशात ठेवली. त्याच हाताने दुसऱ्या खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"घे. जिंकलीस."

"अजून परत जायचंय," ती बूट चढवत म्हणाली. "चालत माघारी यायचं असं ठरलंय. सूट नकोय मला. नाडी दे इकडे."

"तिला गाठ आहे. माप आहे त्यात."

मग ती उजव्या बुटाला सोन्याचा रुमाल बांधून परत निघाली. पूल पुन्हा झुलला, ती मध्ये थांबली नाही. उतारावर खुबा चढापेक्षा जास्त बोलला, आणि दोनदा ती खोडाला टेकून उभी राहिली. सोन्या मागून येत होता. आता तो ऐकत नव्हता, बोलत होता. बाबांनी एकदा चिखलात घसरून नव्या बुटांऐवजी पॅन्टचीच परीक्षा कशी घेतली होती ते सांगत होता, आणि ती हसत होती आणि हसताना पाय दुखत होता.

गाडी दिसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दाराशी पोचून तिने हात पुढे केला. सोन्याने किल्ली दिली. तिने ती पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा नीट बंद केला.

"येत्या रविवारी येशील?" तिने विचारलं.

"कशाला?"

"साचे नवे कोरायचेत, त्या मापाचे. लाकूड कुणीतरी घट्ट धरावं लागतं, माझे दोन्ही हात पटाशीवर असतात. आणि वरची खाट खाली आणायची आहे. तो जिना पुरे झाला आता. मधे टेबल सरकवलं तर मावेल."

सोन्या तिच्याकडे बघतच राहिला. महिनोन्महिने त्याने डोकं आपटलं होतं, यातली एकही गोष्ट तिच्या तोंडून निघाली नव्हती.

"हे आधीच सांगितलं असतंस तर एवढी तंगडतोड तरी वाचली असती!"

"आधी सांगितलं असतं तर तू मला घेऊन गेला असतास," ती म्हणाली. "आता तू येशील."

सोन्याने छातीचा खिसा चाचपून कागद जागेवर आहे ना ते बघितलं आणि गाडीचं दार उघडलं. गाडी उंच होती. तिने एक पाय आत टाकायचा प्रयत्न केला, पण खुबा वर उचलेना. मग तिने त्याच्याकडे वळून हात पुढे केला.

"धर आता," ती म्हणाली. "गाडीत चढायचं काही ठरलं नव्हतं."